बहिऱ्यावरची प्रत

१

दिवसाचं शेवटचं काम राइखान कुणाच्या हाती देत नसे. तळघरातल्या खोलीचं लोखंडी दार ओढायचं, किल्ली फिरवायची, कडीतून दोरा ओवायचा, त्याची टोकं चौकटीवरच्या प्लॅस्टिसीनच्या गोळ्यात दाबायची आणि वर पितळी शिक्का उमटवायचा. गोळा तोच, पोरं हत्ती-घोडे करायला घेतात तो. शिक्का मात्र राइखानच्या गळ्यात, दोरीला. सकाळी ठसा जसाच्या तसा दिसला की आत कुणी गेलं नाही हे पक्कं. बोटांवरून माणूस ओळखणारी कुलपं निघाली तरी अल्माटीतल्या जुन्या कचेऱ्या अजून या गोळ्यावर विसंबून आहेत, आणि राइखानचा तर माणसांपेक्षा गोळ्यावर जास्त भरवसा होता. दिव्याचं बटण दाराबाहेर. जाता जाता ते बंद करायचं.

संस्था पुलांचे आराखडे करायची. शहर असं की जमीन कधी अंग झाडेल सांगता येत नाही, म्हणून सगळ्या कामाची एक प्रत इमारतीत, एक तळघरात आणि एक दर शुक्रवारी गाडीत बसून दुसऱ्या गावी जायची. या प्रतींची राखण राइखानकडे होती. तळघरातली ती खोली कधीकाळी युद्धाच्या भीतीने बांधलेली. भिंतीवर गॅसचा मुखवटा कसा चढवायचा याचं चित्र अजून होतं. तिथेच एक कॉम्प्युटर होता, त्याला सगळे ‘बहिरा’ म्हणत. बाहेरून एकही वायर त्याला येत नव्हती. वर काय चाललंय ते त्याच्या कानावर जाऊ नये, अशीच सोय केली होती.

महिन्यातून एकदा एक प्रत या बहिऱ्यावर उतरवायची. आराखडे उघडतात का, पत्रं उघडतात का, माणसांची आपसातली चॅट दिसते का, हे पाहायचं. सगळं ठीक असलं की ती उतरवलेली प्रत लगेच पुसून टाकायची. हा पुसण्याचा नियम राइखाननेच लिहिला होता. चालू कामाच्या शेजारी हुबेहूब त्याच्यासारखं दुसरं काही ठेवलं, की कधी ना कधी कुणीतरी भलत्याला हात घालतं, असं ती नव्या माणसांना बजावून सांगे.

२

राइखानला हेवा जन्मतःच चिकटला होता. लहानपणी बहिणीच्या ताटातला मांसाचा तुकडा मोठा दिसायचा. लग्नानंतर तिच्या नवऱ्याकडे बघणारी प्रत्येक बाई मोठी दिसू लागली. नवरा एर्मेक त्याच इमारतीत तिसऱ्या मजल्यावर पुलांच्या खांबांचं गणित करायचा. उंच, कानशिलं पिकलेला, आणि अबोल. घरी आला की बूट काढायचा, जेवायचा, भिंतीकडे तोंड करून झोपायचा. त्याच्या या मौनात राइखानला एक नाही, अर्धा डझन बायका दिसत.

त्यातली सध्याची पहिली हिशेब विभागातली आकेर्के. वय कमी, मनगटं नाजूक, आणि घरून केलेले खिम्याचे सामसे डब्यात घेऊन येऊन सगळ्यांना वाटत फिरण्याची खोड. आदल्याच रात्री एर्मेकने तिच्या सामशांचं कौतुक केलं, तेवढ्यावरून घरात चूल पेटली नव्हती.

तपासणीत चॅट उघडून बघायची तर कुणाचीही उघडता आली असती. राइखान दर वेळी एर्मेकचीच उघडायची. तिथे दर वेळी सिमेंट, सळ्या आणि खांब असायचे, आणि तिचा जीव एकदाचा भांड्यात पडायचा.

त्या सोमवारी, बाहेर बर्फ पडत असताना, तिने शुक्रवारची प्रत उतरवायला घेतली. आधी मजकूर उतरतो, माणसांची नावं आणि फोटो सगळ्यात शेवटी. म्हणून एर्मेकच्या चॅटमध्ये समोरच्या बाजूला नावाची जागा कोरी होती. वरच्याच ओळीत एर्मेकने लिहिलं होतं:

‘कुनिम, जिन्यात उभा आहे. ये.’

कुनिम. माझा सूर्य. लग्नाच्या वर्षी तो राइखानला अशी हाक मारायचा. नंतर ती हाक कुठे गेली कोण जाणे. तिनेही शोधली नाही. आता सापडली ती इथे, आणि कुणा दुसरीच्या नावावर.

‘येते,’ त्या कोऱ्या जागेने उत्तर दिलं होतं. ‘पण आधी ते सुतकी तोंड सरळ कर.’

‘घरून येताना तेच मिळतं.’

‘घरी काय मिळतं ते मला सांगू नकोस. मला चांगलं माहीत आहे.’

राइखानच्या तळपायाची आग मस्तकात गेली. ती वाचत सुटली. त्या बयेला विनोद करता येत होता, हेच तिला सगळ्यात जास्त झोंबलं. विभागप्रमुख ओरालबाय-आगांच्या कोल्ह्याच्या कातड्याच्या टोपीवर ती लिहीत होती, की टोपी आगांच्या आधी ऑफिसात येते आणि कामही तीच जास्त करते. आणि एर्मेक, ज्याला राइखानने वर्षानुवर्षं नुसतं हुं म्हणताना ऐकलं होतं, तो लिहीत होता, ‘बस कर, चहा सांडला.’

आकेर्के, राइखानने ठरवून टाकलं. तिचे ते सामसे तिच्या घशात कसे घालायचे याचा विचार करत ती नावं उतरण्याची वाट बघत बसली.

नावं उतरली. कोऱ्या जागी तिचंच नाव आलं.

शेजारी फोटोही तिचाच. ओळखपत्रासाठी काढलेला, तीच कॉलर, तीच चांदीची कर्णफुलं. फक्त खऱ्या फोटोत तिच्या कपाळाला आठी होती आणि या फोटोतली बाई हसू दाबत होती, फोटो काढणाऱ्याने नुकतंच काहीतरी गमतीचं म्हटल्यासारखी.

३

राइखान भुताखेतांवर विश्वास ठेवणारी नव्हती. ती उठून वर गेली, आपल्या टेबलावरच्या कॉम्प्युटरवर एर्मेकशी झालेली चॅट उघडली. ‘पाव आण.’ ‘बरं.’ ‘दूध संपलंय.’ ‘बरं.’ बाकी काही नाही. त्या दोघांचा सगळा संसार पाव आणि दुधात आटोपला होता.

मग कुणीतरी तिच्या नावाने लिहितंय. पण लिहिलं असतं तर ते वरही दिसलं असतं. बरं, पुसलं असेल. पण मग प्रतीत कसं आलं? ती परत खाली गेली आणि तेव्हा तिने तारखा पाहिल्या. प्रत शुक्रवारी घेतलेली. जिन्यातला मेसेज आजच्या सकाळचा होता.

घड्याळ चुकलं असणार. तिने बहिऱ्याचं घड्याळ आपल्या मनगटावरच्या घड्याळाशी ताडून पाहिलं, ते बरोबर होतं. वाकून मागे पाहिलं. विजेची वायर सोडली तर तिथे धूळ होती.

दुपारच्या चहाला ती मुद्दाम ओरालबाय-आगांच्या टेबलाशी गेली. टोपी खुंटीवर, कप हातात.

“आगा, एक विचारू का? उतरवलेली प्रत आपली आपण पुढे चालू शकते?”

“चालून कुठे जाणार ती?”

“म्हणजे, शुक्रवारी घेतलेल्या प्रतीत सोमवारचं काही दिसेल का?”

आगांनी तिच्याकडे चष्म्यावरून पाहिलं. “राइखानजान, प्रत मेलेली असते. मेलेली असते म्हणून तर भरवशाची. चालती-बोलती असेल तर ती प्रत नव्हे. झोप झाली नाही का तुझी? एर्मेकला घोरणं कमी करायला सांग.”

“तो घोरत नाही. तो काहीच करत नाही,” राइखान म्हणाली.

आगा हसले आणि त्यांनी तिच्या कपात आणखी दूध ओतलं. नियमाप्रमाणे तिने खाली जाऊन प्रत पुसायला हवी होती. ती गेली, बटणापर्यंत हात नेला, तेवढ्यात नवी ओळ उमटली. ‘काल मी एका सामशावरून तुला उपाशी झोपवलं. आकेर्केला सांग, पुढच्या वेळी मीठ जास्त घाल, म्हणजे माझा संसार वाचेल.’

आदल्या रात्रीचं भांडण. तेच, पण हसण्यावारी नेलेलं. राइखानने हात मागे घेतला. तिला वाटलं, हे मला का सुचलं नाही.

४

त्यानंतर ती रोज खाली जाऊ लागली. कारण विचारलंच तर प्रती साठवलेल्या टेप तपासायच्या आहेत म्हणायची. खरं तर ती वाचत बसायची. चोरून वाचणारीला जे मिळतं तेच तिला मिळालं, म्हणजे नुसता जळफळाट. ही बाई तिच्याच घरात राहत होती, तिच्याच सासूशी फोनवर बोलत होती, तिच्याच गुडघेदुखीने कण्हत होती. पण गुडघ्याबद्दलही ती असं लिहायची की एर्मेक विचारायचा, ‘संध्याकाळी चोळून देऊ का?’

संध्याकाळी राइखान सोफ्यावर बसून गुडघा चोळत राहायची आणि एर्मेककडे बघायची. तो बातम्या बघायचा.

एका संध्याकाळी मात्र लगमानचा वाडगा तोंडाशी नेता नेता तो एकदम हसला. शेवया नाकात जातील इतका.

“काय झालं?” राइखानने विचारलं.

“काही नाही. तू आगांच्या टोपीबद्दल म्हणालीस ते आठवलं.”

राइखानने चमचा खाली ठेवला. “मी कधी म्हणाले?”

“आज परत नाही का म्हणालीस? दुपारी, जिन्यात.” त्याने तिच्याकडे पाहिलं. त्याच्या चेहऱ्यावरचं हसू विझत गेलं, तिच्याकडे बघता बघताच. “घरी आलीस की तू अशी का होतेस गं?”

“अशी म्हणजे कशी?”

“जाऊ दे,” एर्मेक म्हणाला, आणि त्याने वाडगा पुढे ओढला.

दुपारी राइखान तळघरात होती. दार आतून लोटून बहिऱ्यासमोर बसून होती. ती रात्रभर छताकडे बघत पडली आणि एकच गोष्ट मनाशी घोकत राहिली, की त्याची काहीतरी गल्लत होतेय, पुरुषांना कोण काय म्हणालं हे कधी धड आठवतं का.

५

आकेर्केला गाठून सोक्षमोक्ष लावायचा असं तिने ठरवलं. पण सकाळी आकेर्केच समोरून आली आणि तिने राइखानच्या दंडाला मिठी मारली. राइखानच्या दंडाला ऑफिसात आजवर कुणी हात लावला नव्हता.

“ताते,” थोरल्या बाईला म्हणतात तसं ती म्हणाली, “तुम्ही काल कहर केलात. मी घरी जाऊन आईला सांगितलं, ती पण हसतेय अजून.”

“काय सांगितलंस?”

“तेच, सामशात मीठ घालून संसार वाचवायचं. आणि मला वाटायचं, तुम्हाला मी आवडत नाही.” ती जरा लाजली. “खरं सांगू का? मला तुमची भीती वाटायची. सगळ्यांनाच वाटते. पण हल्ली दुपारच्या चहाला तुम्ही येता ना, आम्ही वाट बघत असतो.”

“मी येते चहाला?”

“बघा, परत चेहरा गंभीर करून फसवताय.” आकेर्केने तिच्या दंडावर चापट मारली. “आज या हं. तळलेले बाउरसाक आणलेत, गरम करून ठेवते.”

राइखान तिथेच उभी राहिली. तिने आजवर आकेर्केबद्दल मनात काय काय कुजवलं होतं, आणि ही पोरगी तिच्या नावाने बाउरसाक गरम करून ठेवणार होती. ते खाणारी मात्र दुसरीच.

आपण खाली असतो तेव्हाच ती वर असते, हे राइखानला तेव्हा कळलं. कळलं असं तरी का म्हणायचं. अंगातून काहीतरी सरसरत गेलं आणि बुद्धीने त्याला नाव द्यायचं नाकारलं. ती आपल्या जागेवर जाऊन बसली. आज खाली जायचं नाही, तिने ठरवलं. जिन्यात आपणच जायचं.

६

जिना तिसऱ्या आणि दुसऱ्या मजल्याच्या मध्ये वळतो तिथे एक उंच खिडकी आहे. सिगारेटवाले तिथे उभे राहतात. दुपारच्या चहाच्या वेळेला राइखान तिथे जाऊन उभी राहिली. तिने ओठांना रंग लावला होता. निळा रुमाल, लग्नात एर्मेकच्या आईने तिच्या डोक्यावर घातलेला, कपाटातून शोधून खांद्यावर घेतला होता. बाहेर डोंगर बर्फाने झाकले होते आणि ट्रॉलीबस चढावर कण्हत होती.

वर दार वाजलं. एर्मेक पायऱ्या उतरू लागला. तिने त्याची ही चाल ऐकलीच नव्हती. हलकी, पोरासारखी, मध्ये एक पायरी गाळून टाकलेली. वळणावर तो आला तेव्हा त्याचा चेहरा उजळलेला होता, आणि राइखानला वाटलं, हे माझ्यासाठी आहे. यात खोटं काय आहे? नाव माझं, रुमाल माझा, नवरा माझा.

तो थांबला. हसू तसंच होतं, पण ते वाट बघत राहिलं, कुणीतरी दार उघडेल म्हणून पायरीवर थांबलेल्या पाहुण्यासारखं. तिने काहीतरी बोलायला हवं होतं. टोपीचं, सामशाचं, काहीही. तिने जीभ हलवून पाहिली.

“पाव आणायचाय संध्याकाळी,” ती म्हणाली.

“बरं,” एर्मेक म्हणाला. मग तिच्या खांद्यावरून मागे, खाली जाणाऱ्या पायऱ्यांकडे त्याने एकवार पाहिलं. “आणखी काही हवं होतं का?”

“नाही.”

तो परत वर गेला. एकेक पायरी, एकही न गाळता.

राइखान खिडकीशी उभी राहिली. रडू आलं नाही. रडू यायच्या जागी तो जुना, ओळखीचा जाळ आला, आणि या वेळी तो एखाद्या नाजूक मनगटाच्या पोरीवर नव्हता. त्या बाईला राइखानचं सगळं मिळालं होतं, फक्त आंबटपणा तेवढा राइखानसाठी मागे ठेवला होता. खाली एक प्रत पडून होती, नियम मोडून ठेवलेली. ठेवली म्हणून ही जगतेय. पुसली की संपली. मग एर्मेकला घरात जे आहे त्याच्याकडेच बघावं लागेल.

७

कामाची वेळ संपत आली होती. लोक कोट चढवत होते. राइखानने खोलीचा दिवा लावला, आत शिरली, दार लोटलं. घाईत ते पुरतं बसलं नाही, बोटभर फट राहिली.

पुसण्याची तिची पद्धत ठरलेली होती. बहिऱ्यावर आहे त्यावर टेपवरची कोरी प्रत उतरवायची. नवी उतरवलेली आधीच्याला गिळून टाकते. स्क्रीनवर दोन चौकोन येतात. डावीकडच्यात कुठून घ्यायचं ते भरायचं, उजवीकडच्यात कुठे उतरवायचं ते. उजवीकडचं जे असेल ते जातं, कायमचं. या कामात लोकांचे संसार बुडतात ते इथेच. डावं-उजवं उलटं भरलं की चांगलं असतं ते नासक्याखाली गाडलं जातं. म्हणून ओरालबाय-आगांनी सगळ्यांना सवय लावली होती: बटण दाबण्याआधी दोन्ही चौकोनांवर बोट टेकवायचं आणि आत काय लिहिलंय ते मोठ्याने वाचायचं. नव्या पोरांना हे पोरकट वाटायचं. राइखान त्यांना रागे भरायची.

तिने उजवा चौकोन उघडला. यादीत एक नाव जास्तीचं होतं. ‘चालू.’ चालू म्हणजे वरचं, आत्ताचं, ज्यात सगळे काम करत होते ते. बहिऱ्याला ते दिसताच कामा नये. तिने पुन्हा वाकून मागे पाहिलं. तिथे धूळच होती.

ती सरळ बसली, तेव्हा चॅटमध्ये नवी ओळ आली होती. त्या बाईची.

‘एर्मेक, तुला सांगितलं नव्हतं. खाली कुणीतरी आहे. रोज बसून आपलं वाचतं.’

‘कोण?’

‘प्रत. तपासणीनंतर पुसायची राहून गेली. माझीच चूक. आज पुसते.’

राइखानने खुर्ची पुढे ओढली. तिने भराभर चौकोन भरले. हात सवयीने चालत होते, डोळे मात्र चॅटवर होते, कारण एर्मेक लिहीत होता. तीन ठिपके हलत होते आणि ती त्यांच्याकडे बघत होती, तो काय म्हणेल, माझ्याबद्दल काय म्हणेल, एखादा तरी बरा शब्द. मशीनने विचारलं, उजवीकडचं सगळं पुसलं जाईल, चालेल का? तिने बोट टेकवलं नाही. मोठ्याने वाचलं नाही.

‘पुसून टाक,’ एर्मेकने लिहिलं. ‘आणि लवकर ये, कुनिम. मी खाली येतोय घ्यायला.’

तिने बटण दाबलं.

मग तिने चौकोनांकडे पाहिलं. डावीकडे लिहिलं होतं, बहिरा. उजवीकडे, चालू.

८

पंखे घरघरले. आवाज चढत गेला, खोलीभर झाला आणि थांबला. स्क्रीनवर ‘झालं’ असं आलं. एवढ्या लवकर ते काम कधीच होत नाही.

जिन्यावर पावलं वाजली. हलकी, मध्ये एक पायरी गाळणारी. दाराच्या फटीतून बोळातला उजेड येत होता.

“कुनिम,” एर्मेकने हाक मारली. “झालं का काम? निघायचं ना?”

सगळं विसरून राइखानचा जीव सुपाएवढा झाला. तिला हाक मारत होता तो. या दारापाशी, तिच्या खोलीपाशी येऊन, तिलाच. उत्तर द्यायला तिने तोंड उघडलं.

“झालं झालं,” उत्तर आलं ते दाराबाहेरून. तिच्याच आवाजात, फक्त त्यात हसू होतं. “तू तर आगांच्या टोपीपेक्षा लवकर आलास.”

एर्मेक खो खो हसला. फटीतून राइखानला निळ्या रुमालाचं टोक दिसलं, एक कोपर, आणि त्या कोपराखाली सरकलेला एर्मेकचा हात. तिने आपल्या खांद्यावर हात नेला. तिथे रुमाल नव्हता. फट मिटली. किल्ली फिरली.

तिने दारावर मुठी मारल्या. लोखंडाने आवाज केला नाही, किंवा तिच्या मुठींनी केला नाही. एर्मेक, ती ओरडली, आणि ओरडल्याचं फक्त तिच्या घशाला कळलं. पलीकडे कडीतून दोरा ओढल्याची खसखस झाली. अंगठ्याने गोळा मळल्याचा तो चिकट, ओळखीचा आवाज आला. तिने गळ्याशी चाचपलं. दोरी होती. दोरीला शिक्का नव्हता.

“आत कुणी नाही ना?” एर्मेक विचारत होता.

“कोण असणार? प्रत आहे नुसती. उद्या सकाळी पुसते.”

शिक्का गोळ्यात रुतला. बाहेरचं बटण खट्‌ झालं आणि दिवा गेला. पावलं जिना चढू लागली, चार पावलं, एकमेकांत मिसळलेली. मध्येच तिने त्याला काहीतरी सांगितलं आणि तो पुन्हा हसला, श्वास लागेपर्यंत.

काळोखात दाराला कान लावून राइखान उभी होती. भीती तिला वाटायलाच हवी होती, आणि पुढे ती वाटलीही असेल. पण त्या घडीला ती एवढंच ऐकायला धडपडत होती, की ती बाई त्याला असं काय म्हणाली. बहिऱ्याच्या पंख्याने पुन्हा घरघर सुरू केली आणि तेही ऐकू येईनासं झालं.